नळी टिकते, जोड सुटतो

एप्रिल-मेमध्ये अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत बर्फ वितळतो आणि हिवाळाभर अंगणात उभे असलेले ट्रॅव्हल ट्रेलर रस्त्याला लागतात. ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे मोटारीमागे जोडून ओढत न्यायचे घर. आत पलंग, ओटा, शेगडी, न्हाणीघर, गरम पाणी, सगळे असते. कॅम्पग्राउंडवर पोहोचायचे, तिथल्या नळाला होज जोडायचा आणि संसार मांडायचा. पण वर्षातल्या या पहिल्या मुक्कामालाच कित्येक कुटुंबांना सिंकखाली पाण्याचे थारोळे सापडते. कधी तेही सापडत नाही. पाणी मुकाट्याने जमिनीखालच्या प्लायवुडमध्ये मुरत राहते आणि पाय टेकला की जमीन दबू लागते, तेव्हा कळते.

या घराला पाणी दोन वाटांनी मिळते. एक, कॅम्पग्राउंडच्या नळातून थेट. दुसरी, ट्रेलरच्याच टाकीतून, बारा व्होल्टच्या छोट्या पंपाने. नळ उघडला की दाब उतरतो आणि पंप सुरू होतो. नळ बंद केला की दाब चढतो आणि साधारण ४५ ते ५५ पीएसआयला, म्हणजे आपल्याकडच्या प्लंबरच्या हिशेबात तीन ते पावणेचार किलोला, पंप आपोआप थांबतो. गळती ओळखायची सर्वांत सोपी खूण यातच आहे. सगळे नळ बंद असताना पंप मधूनच क्षणभर चालू होत असेल, तर पाणी कुठून तरी निसटते आहे. मात्र लगेच फळ्या उचकटू नयेत. पंपाच्या आतला एकमार्गी व्हॉल्व्ह नीट बसत नसेल तर पाणी उलटे टाकीत जाते आणि पंप असाच वागतो. होज जोडलेला असताना वापर नसूनही टाकी भरत चालली, तर संशय त्याच व्हॉल्व्हवर घ्यावा.

नळीच्या निवडीमागे अमेरिकेतला एक महागडा धडा आहे. जुन्या ट्रेलरमध्ये तांब्याची नळी असे. मग प्लास्टिक आले आणि त्यात पॉलिब्युटिलीन नावाची, बहुधा राखाडी रंगाची नळी गाजली. साधारण १९७८ ते १९९५ या काळात ती अमेरिकेतल्या लाखो घरांत बसली, त्या काळच्या ट्रेलरमध्येही बसली. स्वस्त, लवचीक, बसवायला सोपी. पण नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने ही नळी आणि विशेषतः तिचे प्लास्टिकचे जोड आतून ठिसूळ होत गेले. घरमालकांनी सामूहिक दावा लावला आणि १९९५ मध्ये उत्पादकांनी सुमारे ९५ कोटी डॉलरची तडजोड मान्य केली. जुना ट्रेलर विकत घेणाऱ्याने म्हणूनच रंगरंगोटी पाहण्याआधी सिंकखाली टॉर्च मारावा.

आज नव्या ट्रेलरमध्ये दिसते ती पेक्स, म्हणजे क्रॉसलिंक केलेल्या पॉलिथिलीनची नळी. तिच्या रेणूंच्या साखळ्या एकमेकींना बांधलेल्या असल्याने ती उष्णता सोसते. बहुतेक पेक्सची क्षमता २३ अंश सेल्सिअसला १६० पीएसआय आणि ८२ अंशांना १०० पीएसआय असते. लाल, निळा, पांढरा हे रंग केवळ गरम-गार ओळखण्यासाठी असतात, ताकदीत फरक नसतो. आपल्या घरांत सर्रास दिसणारी सीपीव्हीसी इथे का नको, हेही समजून घेण्यासारखे आहे. ती कडक असते आणि तिचे जोड सोल्युशनने चिकटवलेले असतात. भिंतीत ती वर्षानुवर्षे स्वस्थ राहते. शेकडो मैल हादरे खाणाऱ्या घरात मात्र तिला तडे जायची भीती असते.

खरेदीत सर्वाधिक गोंधळ मापाचा होतो. साधी व्हायनिल नळी आतल्या व्यासावर विकली जाते. पेक्सचे माप तांब्याच्या नळीच्या जुन्या पद्धतीचे आहे. तिथे ‘अर्धा इंच’ म्हटलेल्या नळीचा बाहेरचा व्यास पाच अष्टमांश इंच, म्हणजे जवळपास १६ मिलिमीटर असतो. त्यामुळे पट्टी लावून अंदाजाने जोड आणणारा हमखास परत दुकानात जातो. नळीच्या अंगावर छापलेली ओळ वाचावी. माप, दाब, तापमान आणि पिण्याच्या पाण्यासाठीची ‘एनएसएफ-पीडब्ल्यू’ ही खूण तिथेच असते.

टाकीपासून पंपापर्यंतचा तुकडा वेगळा विचार मागतो. तिथे दाब नसतो, ओढ असते. पातळ, साधी नळी त्या ओढीने चपटी होते, म्हणून तिथे आत जाळी विणलेली व्हायनिल नळी घालतात. या बाजूचा जोड सैल झाला तर पाण्याचा थेंबही दिसत नाही. पंप हवा ओढतो आणि नुसता घरघरत राहतो. माणसे पंप बदलतात, दोष मात्र एका सैल क्लॅम्पचा असतो.

दुरुस्तीला बसण्यापूर्वी पंप आणि हीटर बंद करावा, हीटरचे पाणी निवू द्यावे, होज काढावा आणि तळाच्या निचऱ्याच्या चाव्या उघडाव्यात. खराब भाग नळी कापायच्या कात्रीने सरळ काटकोनात कापावा. करवतीने कड खडबडीत होते आणि नेमकी तिथूनच झिरप सुरू होते. आता नळीवर आधी धातूची कडी सरकवायची, मग जोड आतपर्यंत ढकलायचा, कडी टोकापासून तीन ते सहा मिलिमीटरवर ठेवायची आणि हत्याराने दाबायची. तांब्याच्या कडीचे लांब दांड्यांचे हत्यार सिंकखाली फिरत नाही. तिथे स्टीलच्या पकडकड्या बऱ्या पडतात, कारण त्यांचे एकच लहान हत्यार सगळ्या मापांना चालते. काहीच हत्यार नसेल तर ढकलून बसवायचे जोड मिळतात. त्यांच्या आत स्टीलचे दात आणि रबरी रिंग असते. नळी किती आत जायला हवी याची खूण आधी पेनने करावी. अर्धवट बसलेला जोड सुरुवातीला गळत नाही, रस्त्यावर निसटतो.

जुन्या पॉलिब्युटिलीनला पेक्स जोडायची वेळ आली तर एक सापळा आहे. दोन्हींचा बाहेरचा व्यास सारखाच दिसतो, आतला वेगळा असतो. नेहमीचा पेक्सचा जोड त्यात ढिला बसतो. त्यासाठी दोन टोके वेगवेगळी असलेला खास जोड लागतो. खरे तर अशा ट्रेलरमध्ये एक गळती निघाली की सगळी नळीच बदलणे शहाणपणाचे. ट्रेलरमधली एकूण नळी घराच्या मानाने थोडीच असते. खरी मेहनत फळ्या उघडण्याची, आणि त्या एकदा उघडलेल्याच असतात.

नळाखालच्या प्लास्टिकच्या आट्यांवर टेफ्लॉनची टेप गुंडाळायची सवय अनेकांना असते. ज्या नटात रबरी शंकूचा वॉशर असतो तिथे पाणी वॉशर अडवतो, आटे नव्हे. हाताने आवळून वर हलकासा पीळ पुरतो. पान्याने जोर लावला की प्लास्टिक चिरते.

उरतात दोन शत्रू. पहिला, कॅम्पग्राउंडचा दाब. डोंगराळ भागात तो कधी कधी १०० पीएसआयच्याही वर जातो. ४०-५० पीएसआयचा रेग्युलेटर ट्रेलरच्या टोकाला नव्हे, नळाच्या टोकाला लावावा, म्हणजे होजही वाचतो. दुसरा, थंडी. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी फुगते. पेक्स ताणली जाऊन बहुधा तगते, पण प्लास्टिकचे जोड, नळाचे आतले भाग, पंपाचे तोंड फुटते. म्हणून हिवाळ्याआधी पाणी काढून, हीटर बायपास करून, नळ्यांत गोठण टाळणारे गुलाबी प्रोपिलीन ग्लायकॉल भरतात. मोटारीतले इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे, ते इथे चुकूनही वापरू नये. बाहेरचा शॉवर आणि कमोडचा व्हॉल्व्ह हटकून विसरले जातात.

काम झाल्यावर पंप चालू करून नळ बंद ठेवावेत आणि प्रत्येक जोडाभोवती कोरडा टिश्यू पेपर गुंडाळावा. डोळ्याला न दिसणारा थेंब कागदावर उमटतो. फळीच्या भोकातून जाणाऱ्या नळीला रबराची गवसणी घालावी, लोंबणाऱ्या नळीला क्लॅम्प द्यावा. आणि ज्या फळीमागे नवा जोड बसवला ती खिळ्यांनी न ठोकता स्क्रूने लावावी, कारण पहिल्या प्रवासाचे हादरे खाल्ल्यावर तो जोड पुन्हा एकदा उघडून पाहायचा आहे.