चित्रफितीची किल्ली कोणाकडे?

पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी लिपीतील लक्षावधी कागद आहेत. आज रोजच्या व्यवहारात मोडी कोणी लिहीत नाही. तरीही हे कागद वाचता येतात, कारण मोडीची बाराखडी पुस्तकांत छापलेली आहे आणि ती शिकायला कोणाची परवानगी लागत नाही. सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवरील लिपी मात्र अजून कोणालाही खात्रीने वाचता आलेली नाही. मजकूर समोर आहे, पण किल्ली हरवली आहे.

संगणकावरील चित्रफितींनाही हाच नियम लागू पडतो. कसा, ते पाहू.

अंकांची रास

चित्रफीत म्हणजे भराभर दाखवलेली स्थिर चित्रे. एका चित्रात १९२० × १०८० म्हणजे २०,७३,६०० ठिपके आहेत असे समजा. प्रत्येक ठिपक्याचा रंग नोंदण्यास ३ बाइट लागतात. सेकंदाला २५ चित्रे धरली, तर दर सेकंदाला १५,५५,२०,००० बाइट झाले! तासाभराच्या चित्रफितीला सुमारे ५६० गिगाबाइट जागा लागेल. प्रत्यक्षात ती दोन-तीन गिगाबाइटमध्ये मावते. हे कसे साधते?

कबड्डीचा सामना आठवा. चढाई करणारा खेळाडू हलतो, पण मैदान, रेषा आणि मागची भिंत तशीच राहते. मग प्रत्येक चित्रात भिंत पुन्हा कशाला नोंदायची? चित्राचे लहान चौकोन पाडतात आणि ‘हा चौकोन मागच्या चित्रातून घे व बारा ठिपके उजवीकडे सरकव’ अशी सूचना तेवढी लिहून ठेवतात. जे नवे असेल, तेवढेच नव्याने नोंदतात. डोळ्याला न जाणवणारे बारकावे गाळून टाकतात.

हा प्रयोग तुम्हीही करू शकता. आलेखाच्या कागदावर एक चेंडू काढा. दुसऱ्या कागदावर तोच चेंडू तीन घरे पुढे काढा. आता दुसरे चित्र मित्राला फक्त शब्दांत सांगा. प्रत्येक घर सांगत बसाल, की ‘चेंडू तीन घरे पुढे’ एवढेच म्हणाल?

चित्रे अशी आटोपशीर करण्याच्या आणि पुन्हा उलगडण्याच्या नियमांना ‘कोडेक’ म्हणतात. हे नियम ठाऊक नसतील, तर फाइल म्हणजे निव्वळ अंकांचा ढिगारा!

दुसऱ्याच्या खिडकीतून

इंटरनेटवरील पाने दाखवणाऱ्या प्रोग्रामला ब्राउझर म्हणतात. छायाचित्रे दाखवणे ब्राउझरला पहिल्या काही वर्षांतच जमू लागले होते, पण चित्रफिती दाखवणे त्याला येत नव्हते. त्यासाठी ‘फ्लॅश’सारखा एखाद्या कंपनीचा पूरक प्रोग्राम बसवावा लागे. २००५ साली सुरू झालेल्या यूट्यूबच्या चित्रफितीही प्रथम फ्लॅशमधूनच दिसत. ब्राउझर पानावर एक चौकोन रिकामा सोडी. त्या चौकोनात काय चालते यावर त्याची सत्ता नसे. फ्लॅशमध्ये दोष सापडला, तर तो दुरुस्त करणे फक्त मालक कंपनीच्या हाती होते.

२००७ साली नॉर्वेतील ऑपेरा कंपनीने सुचवले, की छायाचित्राप्रमाणे चित्रफीतही पानाचाच भाग असावी. पानात ‘व्हिडिओ’ अशी एक खूण लिहिली, की ब्राउझरनेच ती दाखवावी. सूचना सर्वांना पटली. पण प्रश्न उरला तो असा, की कोणते कोडेक वापरायचे?

दोन पक्ष

एका पक्षाकडे ‘थिओरा’ होते. ऑन-टू या अमेरिकन कंपनीने २००१ साली आपले व्हीपी३ हे कोडेक खुले केले आणि त्यावरून झिफ या ना-नफा संस्थेने थिओरा घडवले. त्याचे नियम प्रसिद्ध होते आणि कोणीही ते विनामूल्य वापरावे अशी मुभा होती. जून २००९ मध्ये आलेल्या फायरफॉक्स ३.५ मध्ये थिओराच्या चित्रफिती कोणत्याही पूरक प्रोग्रामशिवाय दिसू लागल्या.

दुसऱ्या पक्षाकडे २००३ सालचे ‘एच.२६४’ होते. त्याचेही नियम छापलेले होते, पण त्यांवर अनेक कंपन्यांची पेटंटे होती. म्हणजे पाककृती वाचायला मोकळी, पण पदार्थ करून वाटायचा तर परवाना हवा! फुकट वाटल्या जाणाऱ्या ब्राउझरला ही अट जाचक होती. तरीही एच.२६४ ची बाजू लंगडी नव्हती. तेवढ्याच बाइटमध्ये त्याचे चित्र अधिक स्वच्छ दिसे, आणि ते उलगडणारी मंडले मोबाइल फोनमध्ये आधीच बसवलेली असल्याने बॅटरी कमी खर्च होई. अ‍ॅपलने तोच मार्ग धरला.

एकमत झाले नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये एचटीएमएल५ हे मानक अंतिम झाले, तेव्हा त्यात व्हिडिओची खूण होती, पण कोणत्याही कोडेकची सक्ती नव्हती.

मात्र खुल्या पक्षाने काम थांबवले नव्हते. २०१० साली गूगलने ऑन-टू विकत घेऊन व्हीपी८ खुले केले. २०१३ साली व्हीपी९ आले. २०१५ साली अनेक कंपन्यांनी एकत्र येऊन संघ स्थापला आणि २०१८ मध्ये ‘एव्ही१’ प्रसिद्ध केले. २०२३ सालच्या आयफोन १५ प्रोमध्ये अ‍ॅपलनेही एव्ही१ उलगडणारे मंडल बसवले.

जुनी झाली, तरी वाचता येते

फ्लॅशला कंपनीने दिलेला आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला आणि असंख्य पानांवरचे चौकोन रिकामे झाले. थिओराही जुने झाले. २०२४ साली क्रोम ब्राउझरने ते काढून टाकले. मग थिओरातील चित्रफिती मेल्या का? नाही. नियमांचे पुस्तक सर्वांसाठी उघडे असल्याने त्या उलगडणारा प्रोग्राम आजही कोणालाही लिहिता येतो, आणि त्या नव्या कोडेकमध्ये उतरवूनही घेता येतात. विकिपीडियाच्या चित्रभांडारात खुल्या पद्धतींचा आग्रह धरतात, तो याचसाठी.

तुमच्या शाळेतील प्रयोग, गावातील जत्रा, आजीने सांगितलेली गोष्ट तुम्ही आज चित्रित करता. पन्नास वर्षांनी ती कोणी पाहू इच्छील, तेव्हा आजचा फोन नसेल आणि कदाचित आजच्या कंपन्याही नसतील. म्हणून चित्रफीत जतन करताना एकदा विचारावे : हिची बाराखडी सर्वांना खुली आहे ना?