साडूभाऊंचं बोट आणि जड चाप

उत्तरायणाच्या दिवसांत बडोद्यात स्कूटरच्या हँडलवर तारेची कमान लावून फिरतात, ती उगाच नाही. काच लावलेला मांजा आधी गळ्याशी येतो. आमच्या साडूभाऊंनी तो उजव्या हातानं अडवला. गळा वाचला, पण तर्जनीची कंडरा तुटली. शस्त्रक्रिया झाली, टाके सुकले, तरी बोटाचं शेवटचं पेर काही वाकेना. कप धरता येतो, सही जमते. रिव्हॉल्व्हरचा चाप मात्र दाबता येत नाही. फौजेतून निवृत्त झालेला माणूस, रविवारी क्लबात जाऊन 25 मीटरवर नेम धरणं हा एकच शौक. परवान्याचं शस्त्र .32 बोअरचं, कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीचं.

घरातल्या वडीलधाऱ्यांनी दांडिया बाजारातल्या जुम्मादादा व्यायाम मंदिराचं नाव काढलं. माणिकरावांच्या काळापासून बडोद्याची मोडलेली हाडं तिथं बसवली जातात, हे खरं. पण हे हाड नव्हतं. मग साडूभाऊ माझ्याकडे आले, कारण मी मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत टूलरूममध्ये जन्म काढलेला फिटर. म्हणाले, "एक स्प्रिंग हलकी करायची. तुम्हाला किती वेळ लागणार?"

वेळ लागला नसता. म्हणूनच मी नाही म्हटलं.

रिव्हॉल्व्हरचा घोडा आधी न चढवता सरळ चाप ओढला, तर त्या एका बोटानं चक्री फिरवायची, घोडा मागे न्यायचा आणि मुख्य स्प्रिंगही दाबायची. जुन्या ब्रिटिश घडणीच्या रिव्हॉल्व्हरात यासाठी 5 किलोंहून जास्त जोर लागतो. अंगठ्यानं घोडा आधीच चढवून ठेवला, तर चापाकडे फक्त त्याला सोडायचं काम उरतं. मग निम्म्याहून कमी जोर पुरतो.

आता स्प्रिंग नरम केली तर काय होईल? जी स्प्रिंग बोटाला जड वाटते, तीच घोड्याला पुढे फेकते. घोड्याचा ठोसा काडतुसाच्या बुडातल्या टोपीवर नीट बसला नाही, तर नुसतं टक् वाजतं आणि गोळी आतच राहते. मग नळी लक्ष्याकडेच रोखून थांबायचं, कारण ती उशिरा उडणारच नाही याची खात्री कुणी द्यायची?

दुसरा मोह असतो घोड्याची खाच आणि चापाचं टोक घासण्याचा. हा माझ्या धंद्यातला मोह, म्हणून तो मला चांगला ओळखीचा. अशा भागांचं पोलाद वरवरच कठीण केलेलं असतं आणि ती साल फार पातळ. तेलदगड चार हात जास्त फिरला की खालचं मऊ पोलाद उघडं पडतं. आज चाप लोण्यासारखा चालेल. पुढे कधीतरी चढवलेला घोडा नुसत्या धक्क्यानं निसटेल, आणि समोर कोण उभं आहे हे तो बघणार नाही.

कायदाही आहेच. 1959 च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम 5 प्रमाणे शस्त्र दुरुस्त करण्याचा, त्यात बदल करण्याचा धंदा करायला वेगळा परवाना लागतो. टूलरूमचा अनुभव हा काही परवाना नव्हे.

हलक्या चापाची हौस जुनी आहे. ब्रिटिश फौजेनं 1938 मध्ये एनफिल्ड रिव्हॉल्व्हरची नवी आवृत्ती काढली. रणगाड्यातल्या शिपायांच्या कपड्यात अडकू नये म्हणून घोड्याचं बोंड काढून टाकलं आणि चाप सुसह्य व्हावा म्हणून स्प्रिंग थोडी नरम केली. कारखान्यात, सगळी मोजमापं घेऊन हे केलं, तरी चाप 5 किलोंच्या खाली गेला नाही. एवढं लक्षात घेतलं तर माझ्या पक्कडीला काय जमणार होतं?

स्पर्धेचा नियम तर सरळच आहे. 25 मीटरच्या पिस्तूल प्रकारात चाप किमान 1000 ग्रॅमचा हवा. पंच नळी उभी धरून चापाला वजन अडकवतात. घोडा न सुटता ते वजन उचललं गेलं पाहिजे. कोपराच्या दुखापतीतून उठून 2018 च्या आशियाई स्पर्धेत याच प्रकारात सुवर्ण मिळवणाऱ्या कोल्हापूरच्या राही सरनोबतलाही हाच नियम होता.

मग आम्ही शस्त्र सोडून हाताकडे पाहिलं. फिजिओथेरपिस्ट बाईंनी एक गोष्ट दाखवली, ती मला फार आवडली. बोटाचं शेवटचं पेर वाकवणारी कंडरा वेगळी आणि मधलं पेर वाकवणारी वेगळी. साडूभाऊंची दुसरी शाबूत होती. म्हणजे बोटाचं टोक चापावर टेकवण्याऐवजी पहिल्या सांध्याची घडी टेकवायची आणि ओढायचं काम मधल्या सांध्यानं करायचं. घोडा न चढवता बार काढणारे कसलेले नेमबाज तसंही बोट तिथंच ठेवतात. त्यासाठी बोट आत पोचायला हवं, आणि मूठ होती जाड. परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडून पातळ लाकडी मूठ बसवून घेतली. आतल्या यंत्राला कुणी हात लावला नाही. शिवाय अंगठ्यानं घोडा चढवूनच बार काढायचा, असं ठरलं.

डाव्या हाताचा पर्याय मीच काढला होता. हंगेरीच्या कारोली ताकाचचा उजवा हात 1938 मध्ये हातबाँबनं गेला. त्यानं डावा हात तयार केला आणि 1948 ला लंडनमध्ये, 1952 ला हेलसिंकीत ऑलिंपिक सुवर्ण मिळवलं. आपल्या मनीष नरवालचा उजवा हात जन्मापासून अधू; त्यानं डाव्या हातानं टोकियो पॅरालिंपिकचं सुवर्ण आणलं. साडूभाऊ ऐकून घेऊन म्हणाले, "ते पोरगे होते हो, मी आजोबा आहे." तो विषय तिथंच संपला.

कुणाचं बोट असं अडलं असेल, तर आधी हाताच्या डॉक्टरांना विचारा, मग क्लबातल्या प्रशिक्षकाला. मूठ, पकड आणि बोटाची जागा बदलून बघा. एवढं करूनही चाप जडच वाटला, तर परवाना असलेल्या कारागिराकडे जा. घरच्या फिटरकडे नको, तो साडू असला तरी.