समुद्रकाठचे दुसरे घर

मुंबईकर गृहस्थास चार पैसे शिल्लक पडू लागले, की विरारच्या पश्चिमेस अर्नाळ्याच्या किनाऱ्याजवळ एखादे टुमदार घर घ्यावे, सुटीत आपण राहावे व एरव्ही ते भाड्याने द्यावे, असा मोह पडतो. मोह वाईट नव्हे. मात्र खाऱ्या वाऱ्याने गज-बिजागऱ्या गंजतात व पावसाळ्यात बंद घरास बुरशी येते, तो खर्च भाड्यातून आधीच वजा धरावा.

त्याहून महत्त्वाची गोष्ट कागदाची. ओळखीच्या माणसाकडे करार कसा मागावा, हा संकोच आपल्या घरांत फार. परंतु महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी व नोंदलेला हवाच, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. तो नसल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत, राहणाऱ्याने सांगितलेल्या अटीच खऱ्या धरल्या जातात. उलट परवान्याचा लेखी करार असेल, तर मुदतीनंतर घर अडविणाऱ्याकडून कलम २४ अन्वये दुप्पट दराने भरपाई मागता येते.

मुलांच्या सुटीसाठी घेतलेले घर सुटीत मुलांनाच परके होऊ नये, म्हणून हा संकोच सोडावा, असे आम्हांस वाटते.