ख्रिस्ताच्या पडद्यावर दिसलेला कृष्ण

१९१०-११च्या सुमारास मुंबईत येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा एक मूकपट लागला होता. प्रेक्षकांत त्र्यंबकेश्वरचे एक गृहस्थ बसले होते, धुंडिराज गोविंद फाळके. डोळ्यांसमोर ख्रिस्त होता, पण मनात श्रीकृष्ण, रामचंद्र, गोकुळ, अयोध्या उभी राहत होती, असे त्यांनीच पुढे लिहून ठेवले आहे. १९१२ साली ते लंडनहून कॅमेरा घेऊन आले आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला.

मूकपटांना धर्मकथांची एवढी ओढ का? कारण सोपे आहे. पडदा मुका होता, पण गोष्ट प्रेक्षकाला पाठ होती. त्यामुळे जगभर हेच घडले. १९१२ साली एक अमेरिकन कंपनी ख्रिस्तचरित्र चित्रित करायला थेट इजिप्त आणि पॅलेस्टाइनमध्ये गेली. सेसिल डी मिल यांनी १९२३च्या ‘टेन कमांडमेंट्स’मध्ये समुद्र दुभंगून दाखवला. त्या पाण्याच्या भिंती प्रत्यक्षात थरथरत्या जेलीच्या होत्या!

आज हे चित्रपट पाहताना हसू येते. माणसे तुरुतुरु धावतात. त्यात दोष त्यांचा नाही. तेव्हा कॅमेरा हाताने फिरवत, सेकंदाला साधारण सोळा चित्रे घेत. तीच फीत बोलपटाच्या चोवीस चित्रांच्या वेगाने चालवली, की राजाही पळत सुटतो. योग्य वेगाने दाखवली, तर तोच राजा राजासारखा चालतो.

दुसरे हसू येते अभिनयाचे. पण आम्हा मिठबावकडच्या माणसांना ते येऊ नये. ज्याने रात्र जागवून दशावतार पाहिला आहे, त्याला समोर तोंड करून उभी राहणारी पात्रे आणि पुरुषाने नेसलेली साडी परकी नाही. ‘राजा हरिश्चंद्र’मधली तारामती साळुंके नावाच्या पुरुषाने केली. १९१७च्या ‘लंकादहन’मध्ये तर राम आणि सीता दोन्ही तेच!

काळावर टिकलेला चित्रपट विचाराल, तर मी १९१९च्या ‘कालियामर्दन’चे नाव घेईन. फाळक्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी त्यात कृष्ण झाली आहे. सुरुवातीला ती नुसत्या चेहऱ्याने राग, हसू, रडू दाखवते आणि बघता बघता तिचा कृष्ण होतो. तिथे शंभर वर्षे गळून पडतात.

दुःख एवढेच, की आपल्याकडे तेराशेच्या आसपास मूकपट निघाले, त्यांतले हाताच्या बोटांवर मोजावेत तसे थोडे उरले. नायट्रेटची फीत पटकन पेट घेई. जुन्या फिती चांदी काढण्यासाठीही विकल्या गेल्या. २००३ साली पुण्यात लागलेल्या आगीत आणखी कितीतरी रिळे जळाली. ‘राजा हरिश्चंद्र’चाही काही भागच उरला आहे आणि तोही १९१७ साली पुन्हा केलेल्या प्रतीचा, असे काही अभ्यासक मानतात.

आमच्या घरांत हजरत ईसा आणि बीबी मरियम ही नावे अदबीने घेतली जातात. पैगंबरांची चित्रे मात्र आम्ही काढत नाही. तरीही फाळक्यांची ही गोष्ट मला फार जवळची वाटते. दुसऱ्याचा देव पाहून त्यांना आपला देव आठवला. त्यांनी त्याच्याशी भांडण मांडले नाही, कॅमेरा आणला. ‘कालियामर्दन’ आज इंटरनेटवर पाहायला मिळतो. घरातल्या मुलांना शेजारी बसवून एकदा जरूर पाहा.