सुकाणू दोघांचं

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही आमची बोट विकली. तिच्यावरच्या तेरा मोसमांची नोंदवही मात्र मी ठेवून घेतली. तारीख, वारा, कुठवर गेलो, किती वाजता परतलो, डब्यात काय होतं, एवढंच तिच्यात लिहिलेलं आहे. गेले आठ दिवस ती पहिल्या पानापासून वाचते आहे. पहिल्या सव्वादोन वर्षांचं अक्षर ह्यांचं आहे. २०१५च्या ऑगस्टपासून ते माझं आहे. ते का बदललं, हेच मला सांगायचं आहे.

आम्ही दोघंही २०१२ साली निवृत्त झालो आणि पुढच्या एप्रिलमध्ये ह्यांनी बोट घेतली. १९८६ साली बांधलेली तीस फुटी कॅटलिना, शिडाची, झोपायला जागा आणि छोटासा ओटा असलेली. मेरीलँडमधलं अ‍ॅनापोलिस हे आमचं गाव चेसापीक उपसागराच्या काठावर आहे. उपसागर सव्वातीनशे किलोमीटर लांब, पण उथळ. त्याची सरासरी खोली एकवीस फुटांच्या आसपास आणि आमच्या बोटीचं बूड पाण्याखाली सव्वापाच फूट. तळ चिखलाचा, त्यामुळे रुतलो तरी बोट फुटत नाही. शिकाऊ माणसाला याहून दयाळू पाणी मिळणं कठीण.

ह्यांचा बेत मोठा होता. नॉरफोकपासून मायामीपर्यंत किनाऱ्याच्या आतून हजारेक मैलांचा जलमार्ग जातो. त्या वाटेनं खाली उतरायचं आणि पुढे बहामा गाठायचं. त्या वाटेचे नकाशे विकत आणले होते. आम्ही तिकडे कधीच गेलो नाही. वहीतल्या जवळजवळ सगळ्या फेऱ्या सकाळी दहाच्या सुमारास निघून संध्याकाळच्या चहाला परतणाऱ्या आहेत.

मी अलिबागची. ओहोटीला चालत कुलाबा किल्ल्यावर जायचं आणि भरतीच्या आत परतायचं, हा हिशेब लहानपणापासून अंगात भिनलेला. अ‍ॅनापोलिसला भरती-ओहोटीतला फरक जेमतेम एक फूट. पहिल्या वर्षी मला ते पाणी झोपलेलंच वाटायचं. दुसरा फरक ह्यांनी दाखवला. समुद्राकडून बंदरात येताना आपल्याकडे लाल बोया डाव्या हाताला ठेवतात, अमेरिकेत उजव्या हाताला. मी ऐकलं आणि सोडून दिलं. मी पोह्यांचा डबा आणि थर्मास घेऊन येणारी पाहुणी होते. बोट ह्यांची होती.

१८ जुलै २०१५. वहीत त्या दिवशी फक्त तारीख आहे. भयंकर उकाडा होता. दुपारी दोनच्या सुमारास हे सुकाणूवरून उठले आणि चक्कर येऊन खालीच बसले. उन्हानं अंगातलं पाणी आटलं होतं. शब्द जड येत होते. पश्चिमेला ढग काळे झाले होते. इथे उन्हाळ्यात दुपारची वादळं तिकडूनच येतात आणि अर्ध्या तासात माथ्यावर असतात. दोन्ही शिडं वर होती. ती उतरवायची तर बोटीचं तोंड आधी वाऱ्याकडे वळवावं लागतं, मग दोर सैल करायचा. मला दोन्ही माहीत नव्हतं. मदतीसाठी रेडिओवर सोळा नंबर लावायचा, एवढं ठाऊक होतं, पण आपण कुठे आहोत हे सांगता येईना. मी उभी राहून नुसते हात हलवत राहिले. जवळून जाणाऱ्या एका बोटीतल्या बाईंनी ते पाहिलं. त्या आमच्या बोटीवर चढल्या, शिडं उतरवली आणि आम्हाला धक्क्याला आणून सोडलं. पाऊस आम्ही बोट बांधल्यावर कोसळला.

हे रात्रीपर्यंत सावरले. मला मात्र झोप आली नाही. पुढच्याच आठवड्यात बायकांसाठीच्या एका शीडवर्गात नाव घातलं. वय त्रेसष्ट. शिकवणाऱ्या बाई माझ्याहून मोठ्या होत्या. त्यांनी पहिल्याच दिवशी सुकाणू हातात दिलं आणि मागे जाऊन बसल्या. वारा गालावर ओळखायचा, शीड फडफडलं की दोर ओढायचा, वारा वाढेलसं मनात आलं की तेव्हाच शीड लहान करायचं, हे सगळं मी पाच शनिवारांत शिकले. नंतर पाण्यात उशी टाकून ती परत उचलून आणायची कवायत आम्ही दर वसंतात केली. पाण्यात पडलेलं माणूस आणायची ती रीत. एकदा ह्यांनी सुकाणू धरायचं, एकदा मी.

मग फेऱ्यांचा रंगच बदलला. मार्चच्या मध्यावर ऑस्प्रे, म्हणजे मासे धरणाऱ्या घारी, दक्षिण अमेरिकेकडून परततात आणि पाण्यातल्या खुणेच्या खांबांवर जुनीच घरटी पुन्हा डागडुजी करून वापरतात. त्या आल्या की आम्ही बोटीच्या बुडाला रंग लावायला घ्यायचो. एप्रिलपासून थॉमस पॉइंटच्या दीपगृहापर्यंत जाणं ठरलेलं. लोखंडी खांबांवर पाण्यात उभं असलेलं ते षटकोनी लाकडी घर १८७५ सालचं. अंतर पाचेक सागरी मैल. दक्षिणेचा वारा समोरून यायचा, त्यामुळे जाताना नागमोडी दोन तास आणि परतताना वारा पाठीशी. वाटेत खेकड्यांच्या पिंजऱ्यांच्या बोया इतक्या दाट की एकानं त्यांच्यावरच नजर ठेवायची. दोर पंख्यात अडकला तर इंजिन बंद. जुलैत जेलीफिशमुळे पाण्यात उतरता यायचं नाही. ऑगस्टमध्ये वारा पडायचा. थंड वाऱ्याचा सप्टेंबर-ऑक्टोबर सर्वांत सुंदर.

जेवणासाठी मी बोट थांबवायची. बोट वळवायची, पण पुढचं शीड सोडायचं नाही. ते उलट बाजूला फुगतं. मग सुकाणूचं चाक वाऱ्याच्या बाजूला पूर्ण फिरवून बांधायचं. एक शीड पुढे ढकलतं, दुसरं मागे रेटतं आणि बोट जागच्या जागी हलके डुलत राहते. एवढा वेळ सपसपणारं पाणी एकदम गप्प होतं. अशा शांततेत आम्ही थालीपीठ-दही खाल्लं, मुलांची काळजी केली, गेलेल्या माणसांबद्दल बोललो. घरी टीव्ही, फोन, दाराची घंटा यांतून जे बोलणं चाळीस वर्षं निसटत गेलं, ते इथे झालं.

२०१९ साली ह्यांच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली. त्या शरद ऋतूत बोट मीच बाहेर काढली आणि मीच धक्क्याला लावली. हे गादीवर बसून दोर सांभाळत होते. पहिल्या दिवशी त्यांना सारखं सांगावंसं वाटत होतं, ते दिसत होतं. ते गप्प राहिले. चार वर्षांपूर्वीच्या माझ्या शिकण्याइतकंच त्यांचं ते गप्प राहणं अवघड होतं, असं मला आज वाटतं. २०२०च्या वसंतात करोनामुळे बोटी धक्क्यालाच बांधलेल्या राहिल्या. पुन्हा निघता आलं, तेव्हा कुणाला न भेटता घराबाहेर जायची आमची ती एकच जागा होती.

आता मी त्र्याहत्तर वर्षांची आहे, हे अठ्ठ्याहत्तरचे. डोलकाठीपाशी जाताना पाय डगमगतो. म्हणून थांबलो. बहामाचे नकाशे बोटीसोबतच दिले. लांब गेलो नाही याची हळहळ मला नाही. रोजच्या पाण्यात दोघांनी आलटून पालटून एकमेकांना सुखरूप घरी आणलं, हा प्रवास मला पुरला.

बोट घेणारं जोडपं पन्नाशीतलं. चाचणीच्या फेरीत तो सरळ सुकाणूपाशी गेला, ती पिशवी मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसली. मी तिला ओळखलं. सेव्हर्न नदीच्या मुखाबाहेर पडल्यावर मी पिशवी घेतली आणि चाक तिच्या हातात दिलं.

तुमच्याकडे बोट नसेल, पण घर आहे. बँकेचे व्यवहार एकालाच माहीत, गोळ्यांच्या वेळा दुसऱ्यालाच. गाडी एकच चालवतो, स्वयंपाक एकीलाच येतो. निवृत्तीनंतर वेळ हातात असतो आणि शरीर अजून साथ देतं, तेव्हाच हे एकमेकांना शिकवा. जाणत्यानं थोडा वेळ गप्प बसावं, नवख्यानं चुकायला घाबरू नये. उकाड्याच्या त्या दुपारची वाट पाहू नका.