गाडी किती उंच करावी?

घाटमाथ्यावरच्या कच्च्या वाटांवर कधी गेलात, तर तेथे काही गाड्या मुद्दाम उंच केलेल्या दिसतील. चाके भली थोरली आणि सांगाडा जमिनीपासून चांगला वर. अशी गाडी पाहिली की 'ही कोठेही जाईल' असे वाटते. उंच गाडी दगडावर अडकत नाही हे खरे आहे. पण तीच गाडी कडेला कलंडण्याची शक्यता वाढते हेही तितकेच खरे आहे. मग गाडी उंच करावी की नाही, आणि करायची तर किती? नववी-दहावीच्या गणितावर या प्रश्नाचे उत्तर काढता येते. कसे ते पाहू.

तुमच्या थोरल्या भावाने एक जुनी मारुती जिप्सी विकत घेतली आहे अशी कल्पना करा. ही गाडी भारतात १९८५ मध्ये आली आणि सर्वसामान्य ग्राहकांसाठीची तिची विक्री २०१८-१९ च्या सुमारास थांबली. वजन सुमारे एक हजार किलोग्रॅम, पुढे-मागे दोन्हीकडे अखंड आस आणि चारही चाकांवर कमानपाटे. कमी पैशांत डोंगरवाटा धुंडाळणाऱ्यांची ही जुनी आवडती गाडी. भावाच्या हाती पैसे बेताचेच आहेत. कोणी सांगतो, पाच सेंटीमीटर उचल. कोणी म्हणतो, दहा. तर कोणी थेट पंधरावर जातो. आपण कोणाचे ऐकायचे?

उंचीने काय मिळते?

गाडीखाली दगड अडकतो तो दोन ठिकाणी. एक म्हणजे पोट, म्हणजे पुढच्या व मागच्या चाकांमधला सांगाड्याचा भाग. दुसरे म्हणजे आसाच्या मधला फुगीर गोळा. त्यात डिफरन्शियलचे दंतचक्र असते.

आधी पोटाचा विचार करू. गाडी उंचवट्यावरून जाते तेव्हा पुढची चाके उतारावर पोहोचतात, मागची अजून चढावर असतात आणि पोट टेकते. जिप्सीच्या पुढच्या व मागच्या आसांमधील अंतर २३७५ मिलिमीटर आहे. पोट जमिनीपासून ३० सेंटीमीटर वर आहे असे धरले, तर कागदावर त्रिकोण काढून पाहा: सुमारे २८ अंशांचा उंचवटा गाडी न टेकता ओलांडेल. पोट ५ सेंटीमीटर वर नेले तर हा कोन सुमारे ३३ अंश होतो आणि १० सेंटीमीटर नेले तर ३७ अंश. म्हणजे दर ५ सेंटीमीटरला साधारण साडेचार अंशांचा लाभ. हा लाभ खरा आहे.

आता आसावरचा गोळा पाहा. कमानपाटे बदलून गाडी कितीही उचलली तरी आस जेथल्या तेथेच राहतो, कारण आस चाकांत बसलेला आहे आणि चाके जमिनीवर आहेत. पाटे आसाच्या वरचा भाग तेवढा उचलतात. जिप्सीचा सर्वांत खालचा भाग जमिनीपासून २१० मिलिमीटरवर असतो, आणि तो हाच आसाचा भाग. गाडी पंधरा सेंटीमीटर उचलली तरी हा आकडा २१० च राहील! तो वाढवायचा एकच मार्ग म्हणजे मोठा टायर.

जिप्सी किंगच्या टायरवर २०५/७० आर १५ असे लिहिलेले असते. २०५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये; भिंतीची उंची तिच्या ७० टक्के, म्हणजे १४३.५ मिलिमीटर, आणि आतली रिम १५ इंचांची, म्हणजे ३८१ मिलिमीटर. दोन्हीकडच्या भिंती धरून एकूण व्यास ६६८ मिलिमीटर. त्याऐवजी २१५/७५ आर १५ बसवला तर व्यास ७०३.५ मिलिमीटर होतो. व्यास साडेपस्तीस मिलिमीटरने वाढला; पण आस त्याच्या निम्म्यानेच, म्हणजे सुमारे १८ मिलिमीटरने वर गेला. २३५/७५ आर १५ बसवला तर ३३ मिलिमीटर मिळतात, पण किंमतही मोजावी लागते. चाक सुमारे दहा टक्क्यांनी मोठे झाल्यामुळे वेगदर्शक ६० दाखवील तेव्हा गाडी प्रत्यक्षात ६६ च्या वेगाने धावत असेल आणि चाकाशी मिळणारा रेटा नऊ टक्क्यांनी घटलेला असेल. जिप्सीसारख्या लहान इंजिनाला चढावर हे जाणवते.

यावरून एक गोष्ट ध्यानात घ्या. गाडी उचलण्याचा एक मोठा उपयोग मोठ्या टायरला जागा करून देणे हा आहे. म्हणून आधी टायर ठरवावा आणि त्याला लागेल तेवढीच गाडी उचलावी. बरेच लोक नेमके उलटे करतात.

उंचीने काय जाते?

आता दुसरी बाजू. गाडीचे सगळे वजन जेथे एकवटले आहे असे मानता येते तो बिंदू म्हणजे गुरुत्वमध्य. त्यातून खाली सोडलेली ओळंब्याची रेघ डाव्या व उजव्या चाकांच्या मध्ये पडते तोवर गाडी उभी राहते. गाडी कडेला कलत गेली आणि ही रेघ खालच्या बाजूच्या चाकाबाहेर पडली की गाडी उलटते. हा उलटण्याचा कोन काढणे सोपे आहे: चाकांमधील अंतराच्या निम्म्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागा, जो आकडा येईल तो त्या कोनाचा टॅन.

जिप्सीच्या पुढच्या डाव्या-उजव्या चाकांतले अंतर १३०० मिलिमीटर आहे. त्याचे निम्मे ६५ सेंटीमीटर. गुरुत्वमध्यही जमिनीपासून ६५ सेंटीमीटरवर आहे असे हिशेबासाठी धरू. भागाकार १ आला, म्हणून कोन ४५ अंश. आता गुरुत्वमध्य ५ सेंटीमीटर वर नेला तर कोन ४३ अंश होतो, १० सेंटीमीटरला ४१ आणि १५ सेंटीमीटरला ३९. (आस व चाके पाट्यांबरोबर वर जात नाहीत, म्हणून प्रत्यक्ष वाढ थोडी कमी असते, पण टायर मोठा घातला की ती भरून निघते.)

'४५ चे ३९ झाले, म्हणून काय बिघडले?' असे तुम्हांला वाटेल. पण हा आकडा गाडी दगडासारखी ताठ मानून काढलेला आहे. खऱ्या गाडीत खालच्या बाजूचे पाटे दबतात आणि गुरुत्वमध्य बाहेर झुकतो. त्यात वरच्या बाजूचे चाक २० सेंटीमीटरच्या दगडावर चढले, तर गाडी एका क्षणात आणखी सुमारे ९ अंश कलते. कागदावरची शिल्लक वाटेवर झपाट्याने संपते.

या दोन अंशांचे मोल केवढे, हे जिप्सीच्या इतिहासातच दिसते. सुरुवातीच्या जिप्सीत पुढच्या चाकांतले अंतर १२१० मिलिमीटर होते. १९९३ मध्ये कंपनीने आस बदलून ते १३०० केले. आपल्याच हिशेबात जुना आकडा घाला: ६०.५ भागिले ६५, म्हणजे ०.९३, कोन ४३ अंश. म्हणजे कारखान्याने आस बदलून स्थैर्यात जी भर घातली, ती सगळी आपण केवळ पाच सेंटीमीटर उंची वाढवून घालवतो!

सपाट रस्त्याच्या वळणावरही हाच भागाकार उपयोगी पडतो. वळणात गाडीपुढे दोन वाटा असतात: घसरणे किंवा उलटणे. टायर व रस्ता यांमधील घर्षणगुणांक आपल्या भागाकारापेक्षा लहान असेल तर गाडी आधी घसरते, मोठा असेल तर आधी उलटते. कोरड्या डांबरी रस्त्यावर घर्षणगुणांक साधारण ०.७ ते ०.८ असतो. मूळ जिप्सीचा भागाकार १, म्हणून ती आधी घसरेल. पंधरा सेंटीमीटर उचललेलीचा भागाकार ०.८१, घर्षण आणि उलटणे यांत अंतर उरलेच नाही. अमेरिकेचे महामार्ग सुरक्षा प्रशासन २००१ च्या गाड्यांपासून उलटण्याच्या धोक्याची जी प्रतवारी देते, तिच्या मुळाशी हाच भागाकार आहे.

आणि टपावरच्या कॅरिअरला विसरू नका. १००० किलोच्या गाडीवर १.९ मीटर उंचीवर १०० किलो सामान ठेवले, तर नवा गुरुत्वमध्य काढून पाहा. उत्तर ७६ सेंटीमीटर येते. सामान टपावर बांधल्याने गुरुत्वमध्य ११ सेंटीमीटर वर गेला आणि पोटाखालची जागा मात्र तसूभरही वाढली नाही.

उचलण्याचे मार्ग

पहिला मार्ग लांब शॅकलचा. कमानपाट्याचे एक टोक ज्या झुलत्या पट्ट्यांनी सांगाड्याला अडकवलेले असते त्या पट्ट्या म्हणजे शॅकल. हा सर्वांत स्वस्त उपाय. पण पाट्याचे एकच टोक खाली जाते आणि आस साधारण मध्यावर असतो, म्हणून शॅकल ५ सेंटीमीटर लांबवली तर गाडी अडीचच सेंटीमीटर उचलते. शिवाय आस थोडा फिरतो आणि स्टिअरिंगचा सरळ राहण्याचा गुण बिघडू शकतो.

दुसरा मार्ग जास्तीचा पाटा घालण्याचा. येथे रॉबर्ट हूकचा नियम आठवा: ताण हा बलाच्या प्रमाणात असतो. पाटे गाडीच्या वजनाने १५ सेंटीमीटर दबत असतील आणि ते १० च दबावेत असे हवे असेल, तर त्यांचा ताठरपणा दीडपट करावा लागेल. गाडी उंच झाली, पण कडकही झाली. खाचखळग्यांत चाक खाली पोहोचत नाही, अधांतरी फिरते. ज्या वाटेसाठी उंची घेतली तेथेच पकड गेली! ताठरपणा तोच ठेवून अधिक कमान दिलेला पाटा याहून चांगला.

तिसरा मार्ग आस पाट्याच्या खाली नेण्याचा. जिप्सीत पाटे आसाच्या खालून जातात. ते वर घेतले की गाडी एकदम १२ सेंटीमीटरच्या आसपास उचलते. पाटे जुनेच राहतात, म्हणून हा मार्ग स्वस्त वाटतो. पण आसाला फिरवणारा प्रोपेलर शाफ्ट आता तिरका होतो. शाफ्ट ६० सेंटीमीटर लांब धरला तर ५ सेंटीमीटरच्या उचलीने त्याचा तिरपेपणा ५ अंशांनी वाढतो आणि १२ सेंटीमीटरच्या उचलीने ११ अंशांनी. शाफ्टच्या टोकाचा सांधाही हूकच्याच नावाने ओळखला जातो. या सांध्यातून तिरकी गती नेली की पलीकडची गती एका फेऱ्यात दोनदा कमी-जास्त होते: १० अंशांना सुमारे दीड टक्का, २० अंशांना सहा टक्के. दोन टोकांचे कोन सारखे असतील तर हा फरक पुसला जातो. नसतील तर शाफ्ट थरथरतो आणि सांधे लवकर झिजतात. त्यातच स्टिअरिंगचे दांडे तिरके होतात, ब्रेकच्या नळ्या अपुऱ्या पडतात, शॉक ॲबसॉर्बर आखूड ठरतात. हे सगळे बदलायचे म्हणजे स्वस्त मार्ग महाग झाला.

आसावर ठोकळे ठेवून उचलण्याची एक युक्ती आहे. ती पुढच्या आसाला कधीही वापरू नये. ब्रेक लागताच आस पिळला जातो आणि ठोकळ्याची उंची त्या पिळाला तरफेचा दांडा मिळवून देते.

मग भावाला काय सांगाल?

प्रथम जुने पाटे कमानपाटेवाल्याकडे नेऊन त्यांची बसलेली कमान पूर्ववत करून घे आणि झिजलेले बुश बदल. गेलेली मूळ उंची यातच परत मिळते. मग चांगल्या खाचांचे टायर घे, फार तर २१५/७५ चे. टपावरचे कॅरिअर काढ आणि जड सामान खाली, आसांच्या मध्ये ठेव. एवढे करून एक पावसाळा गाडी चालव. तरीही पोट टेकतच असेल, तर चांगल्या कमानीच्या पाट्यांनी ५ सेंटीमीटर उचल आणि सोबत ब्रेकच्या नळ्या, शॉक ॲबसॉर्बर, चाकांची जुळणी व दिव्यांचा रोख तपासून घे. हे सगळे एकदम परवडत नसेल तर थांब. पाट्यांना पैसे आहेत आणि ब्रेकच्या नळ्यांना नाहीत, अशा स्थितीत गाडी उचलू नये.

बदल करण्याआधी कायदाही पाहावा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केले आहे. म्हणून परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीकडे आधी विचारावे. बसलेले पाटे मूळ उंचीला आणणे ही मात्र निव्वळ दुरुस्ती आहे.

करून पाहा

एका फळीवर खेळण्यातली मोटार आडवी ठेवा, म्हणजे तिची एका बाजूची चाके फळीच्या उतरत्या कडेकडे येतील. ती घसरू नये म्हणून त्या चाकांना टेकून एक पातळ पट्टी चिकटवा. फळी हळूहळू उचला आणि मोटार उलटते तो कोन कोनमापकाने मोजा. आता टपावर चिकणमातीचा गोळा बसवा व पुन्हा मोजा. तोच गोळा पोटाखाली चिकटवून तिसऱ्यांदा मोजा. चाकांतल्या अंतराच्या निम्म्याला कोनाच्या टॅनने भागले की प्रत्येक वेळी गुरुत्वमध्याची उंची मिळेल. तीन आकडे वहीत एकाखाली एक लिहा आणि जुनी गाडी घेणाऱ्या भावाला दाखवा.