काढावा कीं ठेवावा?

ज्या घरांत चार मिळवते हात असतात, त्या घरांत केव्हां ना केव्हां एक प्रसंग येतोच. एके वर्षीं घरावर संकट येतें, आणि चारांपैकीं ज्याचा हात त्या वेळीं नेमका आंखडलेला असतो, त्याच्याकडे सर्वांचीं बोटें वळतात. मागल्या तीन वर्षांत त्यानें काय केलें, हें कोणी विचारीत नाहीं. त्याच्याकडे कोणतें काम सोंपविलें होतें, हेंहि कोणी पाहत नाहीं. खेळांतहि असेंच घडतें. फरक इतकाच कीं, तेथें सर्व हिशेब आंकड्यांनीं लिहून ठेविलेला असतो, आणि झालेला निवाडा योग्य होता कीं अयोग्य, हें पुढें कोणासहि ताडून पाहतां येतें. असाच एक निवाडा आज वाचकांपुढें मांडावयाचा आहे.

आपल्याकडे हॉकी म्हटली म्हणजे मैदानी हॉकी डोळ्यांपुढें येते. कॅनडा व अमेरिका या देशांत मात्र हॉकी म्हणजे बर्फावरील हॉकी. पायांत पोलादी पात्यांचे बूट, हातांत लांब काठी, आणि चेंडूऐवजीं रबराची एक चपटी चकती. गोलकीपर धरून एका बाजूस सहा गडी असतात; त्यांत तिघे फॉरवर्ड व दोघे बॅक. तेथील धंदेवाईक संघांत खेळाडूंची अदलाबदल करण्याची जुनी चाल आहे. तुमचा हा गडी आम्हांस द्या, आमचा तो गडी तुम्ही घ्या, असा तो व्यवहार. पूर्वीं तर खेळाडूस बहुधा विचारीतहि नसत. दोन संघांच्या व्यवस्थापकांचें बोलणें झालें कीं त्यानें बिऱ्हाड हलवावें, एवढेंच त्याच्या हातीं उरे. आपल्याकडेहि २०१३ सालीं हॉकी इंडिया लीग सुरू झाली तेव्हां लिलावानें संघ बनले. त्यामुळें हा प्रश्न आतां आपणांस अगदींच परका राहिलेला नाहीं.

गोष्ट १९६७ सालची. त्या वेळीं तेथील नॅशनल हॉकी लीगमध्यें अवघे सहा संघ होते. शिकागो शहराच्या ब्लॅक हॉक्स संघानें १९६६-६७ च्या हंगामांत आपल्या इतिहासांत प्रथमच पहिला क्रमांक मिळविला होता. बॉबी हल व स्टॅन मिकिटा यांच्यासारखे नामांकित फॉरवर्ड त्यांत होते. स्टॅन्ले चषक आपलाच, असें शिकागोकरांस वाटत असल्यास नवल नव्हतें. परंतु उपांत्य फेरींत तिसऱ्या क्रमांकाच्या टोरांटो संघानें त्यांस ४-२ असें हरविलें. आणि या सहा सामन्यांत फिल एस्पोझिटो या पंचवीस वर्षांच्या सेंटर-फॉरवर्डच्या नांवावर एकहि गोल नव्हता, किंवा गोलास केलेलें साहाय्यहि नव्हतें. सहा सामने, आणि सर्वत्र शून्य!

अशा गड्यास ठेवावें कीं काढावें? दोन्ही बाजू नीट ऐकून घेण्यासारख्या आहेत.

काढावा म्हणणारांची बाजू पोकळ नव्हती. त्यांचें म्हणणें असें कीं, हें एका वर्षाचें दुर्दैव नव्हे. १९६५ सालीं चषकाच्या १३ सामन्यांत या गड्याचे ३ गोल. १९६६ सालीं ६ सामन्यांत १. आणि १९६७ सालीं ६ सामन्यांत शून्य. म्हणजे तीन वर्षांतील २५ सामन्यांत अवघे ४ गोल. एरवीं चांगला खेळणारा आणि ऐन वेळीं अंग चोरणारा मनुष्य काय कामाचा? शिवाय संघाचा नामांकित बॅक पिएर पिलोट पस्तिशीस आला होता. फॉरवर्डांची संघास वाण नव्हती. उणीव होती ती जोमदार बॅकची. जें विपुल आहे तें देऊन जें नाहीं तें घ्यावें, हा कोणत्याहि शहाण्या संसाराचा नियमच नव्हे काय?

ठेवावा म्हणणारांस याचें उत्तर देतां येण्याजोगें होतें. एस्पोझिटोचे मागील तीन पूर्ण हंगामांतील गोल अनुक्रमें २३, २७ आणि २१ होते. आणि त्या काळीं वर्षास वीस गोल करणारा फॉरवर्ड चांगला मानीत. अखेरच्या वर्षीं गोल थोडे उतरले हें खरें, परंतु दुसऱ्यांच्या गोलांस त्यानें ४० वेळां साहाय्य केलें होतें. त्याचें कामच मुळीं तें होतें. त्यास बॉबी हलच्या जोडीस खेळवीत, आणि हलच्या काठीवर चकती नेऊन देणें हा त्याचा धर्म होता. त्या वर्षीं हलनें ५२ गोल केले. पंगतींत ज्यास वाढावयास उभें केलें, त्याचें स्वतःचें पान कोरें राहिलें म्हणून त्यास दोष देणें कितपत न्याय्य आहे? शिवाय टोरांटोकडे टेरी सॉचक नांवाचा सदतीस वर्षांचा कसलेला गोलकीपर होता. पांचव्या सामन्यांत तो असा खेळला कीं, शिकागोच्या मोठमोठ्या वीरांचेहि हात टेंकले. पराभव सर्वांचा होता. मग शिक्षा एकट्यालाच कां?

निवाडा झाला तो काढण्याच्या बाजूनें, आणि पराभवास जेमतेम महिना होतो न होतो तोंच. १५ मे १९६७ रोजीं शिकागोनें एस्पोझिटो व त्याच्याबरोबर केन हॉज आणि फ्रेड स्टॅनफील्ड हे दोन तरुण फॉरवर्ड बोस्टनच्या ब्रुइन्स संघास दिले. त्यांच्या मोबदल्यांत बॅक जिल मारोट, फॉरवर्ड पिट मार्टिन आणि गोलकीपर जॅक नॉरिस हे तिघे घेतले. बोस्टनचा संघ त्या वर्षीं सहांत सहावा आला होता.

पुढील हकीकत आंकडेच सांगतात. पहिल्याच वर्षीं एस्पोझिटोनें ३५ गोल केले व ४९ साहाय्यें दिलीं. १९६८-६९ मध्यें गोल व साहाय्य मिळून त्याचे १२६ गुण झाले; एका हंगामांत शंभर गुण गांठणारा त्या लीगमधील तो पहिला खेळाडू. १९७०-७१ मध्यें त्यानें ७६ गोल केले. आणि ऐन वेळीं अंग चोरतो, या आरोपाचें काय झालें? १९७० सालीं चषकाच्या १४ सामन्यांत त्यानें १३ गोल केले, आणि बोस्टननें २९ वर्षांनंतर स्टॅन्ले चषक घरीं आणला. १९७२ सालीं तो पुन्हां जिंकला. मनुष्य तोच, काठी तीच. बदललें होतें तें एवढेंच कीं, बोस्टननें त्यास गोलच्या तोंडाशीं उभें केलें, आणि त्यास चकती आणून देण्यास बॉबी ऑर व हॉज यांसारखे गडी दिले. वाढपी यजमान झाला.

नियतीचा एक खेळ सांगितल्यावांचून राहवत नाहीं. १९७० सालच्या उपांत्य फेरींत बोस्टनची गांठ शिकागोशींच पडली. शिकागोचा गोलकीपर होता टोनी एस्पोझिटो, फिलचा धाकटा सख्खा भाऊ! बोस्टननें चारहि सामने जिंकले. त्या भावांच्या आईबापांनीं कोणासाठीं देव पाण्यांत ठेवावे?

तथापि एकाच बाजूचें ऐकणें हाहि अन्यायच होईल. १९६७ च्या शरदांत लीगमध्यें सहांचे बारा संघ झाले. नवे संघ दुबळे होते, आणि गोल करणें सर्वांनाच सोपें झालें. ऑरसारखा बॅक लाभणें हेंहि फिलचें भाग्यच. उलट शिकागोनें घेतलेला पिट मार्टिन दहा हंगाम त्या संघांत इमानें खेळला, आणि १९७१ व १९७३ सालीं शिकागो अंतिम फेरीपर्यंत पोहोंचला. मात्र चषक त्यास १९६१ नंतर मिळाला तो एकदम २०१० सालीं.

आणि याच मनुष्याची अदलाबदल पुन्हां एकदां झाली. १९७५ च्या नोव्हेंबरांत बोस्टननें त्यास न्यूयॉर्कच्या रेंजर्स संघाकडे पाठविलें, आणि ब्रॅड पार्क व जाँ राटेल हे मोहरे घेतले. फिल तेव्हां तेहतीस वर्षांचा होता. त्यास या गोष्टीचें अतोनात दुःख झालें, हें त्यानें पुढें उघडपणें सांगितलें आहे. परंतु बोस्टनचा हिशेब चुकला असें म्हणतां येत नाहीं; १९७७ व १९७८ सालीं तो संघ अंतिम फेरींत गेला. रेंजर्सहि फिलला घेऊन १९७९ सालीं अंतिम फेरींत आले.

तेव्हां अदलाबदल मुळांतच वाईट, असा निष्कर्ष निघत नाहीं. आमच्या मतें दोष शिकागोच्या व्यवहारांत नव्हता, तो हिशेबांत होता. गड्याचें मोल ठरविण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारावयास हवे होते. याचा हिशेब आपण सहा सामन्यांचा करीत आहों कीं तीन वर्षांचा? याच्याकडे आपण काम कोणतें दिलें होतें, आणि दुसरें देऊन पाहिलें काय? आणि आपण बोलत आहों तें विचारानें कीं पराभवाच्या संतापानें? ही तिहेरी कसोटी लावूनहि काढावेंसें ठरलें, तर खुशाल काढावें. मग तो निर्णय निष्ठुर वाटला तरी अविचारी ठरत नाहीं. आपल्या माजघरांतहि एखाद्या मुलाविषयीं वा भावाविषयीं असा प्रश्न उपस्थित झाला, तर हीच कसोटी उपयोगी पडेल.

निरोप कसा द्यावा, हेंहि शेवटीं बोस्टननेंच दाखविलें. ३ डिसेंबर १९८७ रोजीं तेथें फिलच्या ७ क्रमांकाचा सन्मान व्हावयाचा होता. तो क्रमांक तेव्हां रे बुर्क हा संघाचा नामांकित बॅक वापरीत असे. सर्वांदेखत त्यानें अंगांतील ७ क्रमांकाचा सदरा काढून फिलच्या हातीं दिला. आंत त्यानें ७७ क्रमांकाचा सदरा आधींच घातलेला होता. ज्या घरानें एकदां दूर केलें, त्याच घरानें बारा वर्षांनीं त्याचें पान त्यास परत मांडून दिलें.